तगरीचा चीक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवाला सांगायची गरज नव्हती — तो समोरच होता, त्याच्याच खांद्यावर तर सगळं झालं. मग उरलात तुम्ही. तुम्ही आमच्या गावचे नाही, मला ओळखत नाही, उद्या पारावर गाठ पडायची भीती नाही. म्हणून बोलवतंय. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती तर ही वेळच आली नसती.

मी बाळू गुरव. आमचं गाव रहिमतपूरच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात. बारावीपर्यंत शिकलो, हायस्कुलात बरीच वर्षं शिपाई होतो, म्हणून असं थोडं पुस्तकी लिहिता येतं. पण खरं काम देवळातलं. पणज्यापासून भैरोबाची पूजा आमच्या घरात आहे. तोंडाचा मी फटकळ. नैवेद्याला कुणी शिळी पोळी आणली तर चार माणसांत सुनावणारा. "देवाच्या दारात खोटं चालायचं न्हाई" हे माझं पालुपद होतं. हल्ली म्हणत नाही. कुणाच्या ध्यानात आलंय का, माहीत नाही.

आता कौलाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं माणूस मोठं काम काढण्याआधी देवाला कौल लावतो. सोयरीक असो, विहीर असो, ऑपरेशन असो. देवाच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक कळी पाण्यात बुडवून चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. उदबत्ती विझेपर्यंत एकही पडली नाही तर देव गप्प आहे असं धरायचं, आणि मग भैरोबाच्या वारी, म्हणजे रविवारी, पुन्हा लावायचा. मधल्या दिवशी लावायचा नाही. हा नियम कुणी घालून दिला देव जाणे. पण त्याच्या आड माणसाला किती आरामात लपता येतं, ते मला माझ्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

आणि तगर. तगरीची कळी खुडली की देठातून पांढरा चीक येतो. बोटाला लागला तर साबणानंसुद्धा लवकर जात नाही. म्हणून कौलाच्या कळ्या पहाटेच खुडायच्या, दोन पाण्यांतून काढायच्या, देठ पुसायचे आणि फडक्यावर पसरून ठेवायच्या. पूजा होईपर्यंत चीक मरतो. मग नुसत्या पाण्यानं चिकटलेली कळी पाणी सुकलं की आपसूक पडते — कुठली आधी, ते त्याच्या मनावर. हे माझ्या वडिलांनी, आबांनी, मला नऊ-दहा वर्षांचा असताना शिकवलं. त्यांचं एक वाक्य होतं: "चिकाची कळी लावलीस तर देवाचं तोंड शिवलंस म्हनून समज." मला तेव्हा हसू आलं होतं. देवाचं तोंड कोण शिवणार?

बघा, अजून मी चिकावरच घोटाळतोय. शालनवर यायला जीव धजत नाही.

शालन म्हणजे आमच्या मेजरची बायको. मेजर म्हणजे हणमंतराव — फौजेत ट्रक चालवायचे, पण आमच्याकडं फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. शालन म्हसवडकडची, माणदेशातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला सख्खा भाऊ नव्हता, आणि देवळाला लागून पहिलं घर माझं, दुसरं तिचं. पहिल्याच राखी पुनवेला ताट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मला भाऊ न्हाई. तुमी बसा पाटावर." विचारणं वगैरे काही नाही. मी बसलो. त्याला आता चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून ती मला दादा म्हणते आणि अरे-तुरे करते.

आणि चालायची कशी ती. आमच्या बायका उसाच्या बांधावरून चालतात त्या जपून. ही दुष्काळी भागातली, पाण्याला कोस-कोस गेलेली. डोक्यावर वैरणीचा भारा असला तरी सपासपा पाय पडायचे. रोज पहाटे देवळाच्या अंगणात सडा-रांगोळी तीच करायची, कुणी सांगितलं नव्हतं. मी दार उघडेपर्यंत अंगण ओलं असायचं आणि ही पायरीवर पदरानं हात पुसत बसलेली. "दादा, देव उठला का?" असं विचारायची. मी म्हणायचो, "तुझ्या बादलीच्या आवाजानं उठला."

चार वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. तेव्हाही तिनं आधी कौल लावला होता. उजवी कळी पटकन पडली, आणि तीत माझा काही हात नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. ती म्हणायची, डॉक्टरनं कापलं पण वाचवलं देवानं. तिचा कौलावर असा विश्वास बसला तो तेव्हापासून.

मग परवाच्या साली, दिवाळीच्या आसपास, तिची पाठ दुखायला लागली. दोन खांद्यांच्या मधोमध. ऊस तोडताना लचकली असेल म्हणून तेल लावलं, पट्टा बांधला. महिना गेला, दोन गेले. एक दिवस सडा घालून ती घरी गेली आणि तिची एक चप्पल अंगणातच राहिली. मी ती घेऊन तिच्या दारात गेलो आणि चेष्टा केली, "आता चपला सोडून जायचं वय झालं व्हय गं?" ती हसली नाही. पायाकडं बघत म्हणाली, "निसटल्याली कळलीच न्हाई बघ." मी चप्पल ठेवून आलो. घरी येऊन चहा प्यालो. ह्याला मी गुन्हा म्हणत नाही, मला काय कळणार होतं. पण पुढचं जे आहे ते कळत असताना केलं.

तिची मुलगी वैशाली सांगलीत दिली आहे. तिनं आईला तिकडं नेलं, मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढला. तो दिवस गुरुवार. मणक्यांवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर पाठीच्या मणक्यात पसरलाय. एक मणका आतून पोखरलाय आणि गाठ मज्जारज्जूवर दाबतेय, म्हणून पाय बधिर पडत चाललेत. आजच भरती व्हा, उद्या सकाळी ऑपरेशन करू. गाठ निघेल तेवढी काढायची, दाब मोकळा करायचा, स्क्रू आणि सळ्या घालून मणका बांधायचा. ह्यानं कॅन्सर जाणार नाही, पण पाय राहतील. जेवढं आयुष्य असेल तेवढं स्वतःच्या पायावर जाईल.

शालन म्हणाली, कौल लावल्याबगार मी टेबलावर चढायची न्हाई.

डॉक्टर समजावून थकला. वैशाली रडली. मेजर तर तापलेच. पण माणदेशची बाई ती, एकदा न्हाई म्हणाली की न्हाई. शेवटी जबाबदारी आपली म्हणून सह्या केल्या, सुजेच्या गोळ्या घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत गाडीनं गावी आले. मेजरचा दंड धरून का होईना, ती गाडीतून घरात चालत गेली. मी माझ्या ओट्यावरून पाहिलं. हे लक्षात ठेवा — गुरुवारी संध्याकाळी ती चालत होती.

दिवे लागायच्या सुमाराला मेजर माझ्याकडं आले. बसले नाहीत. मला म्हणाले, "बाळू, तो डॉक्टर काय म्हनला सांगू? म्हनला, पायानं चालत आल्याला पेशंट बहुतेक पायानं घरी जातो. उचलून आनल्याला बहुतेक उचलूनच जातो. पाय कवा जातील त्येचा भरवसा न्हाई. आज न्हाई तर उद्या, पन रविवार उजाडू दिऊ नका." मग खाली बघून म्हणाले, "उद्या तेवढा उजवा दे. कसं ते तुझं तू बघ."

आयुष्यात त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. फौजेतला, ताठ मानेचा गडी. आणि मी काय केलं असेल? मी ताठ बसलो आणि म्हणालो, "मेजर, दुसरं काय बी मागा. देवाच्या कामात मी हात घालत न्हाई. देवाच्या दारात खोटं चालायचं न्हाई."

ते बरं म्हणून गेले. मला तर स्वतःचा अभिमान वाटला. बायकोला म्हणालो की बघ, मेजरसारख्याला सुद्धा मी न्हाई म्हणालो. त्या दिवशी पोटभर जेवलो मी.

आता भिकूअण्णांचं सांगावं लागेल. सबब म्हणून नव्हे. ती सबब नाहीच, हे तुम्हाला पुढं कळेल. त्याच्या आदल्या साली भिकूअण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. कौल लावला, उजवा पडला, सरळ पडला. ऑपरेशन झालं आणि अण्णा टेबलावरून उठलेच नाहीत. तेराव्याला त्यांचा मुलगा संपत देवळात आला आणि भरल्या मंडपात मला म्हणाला, "गुरवानं माझा बाप मारला." कुणीतरी त्याला धरून बाहेर नेलं. दुःखात माणूस बोलतो, सोडून द्यायचं. पण मला ते सोडता आलं नाही. नंतर चार-सहा महिने पारावर मी गेलो की बोलणं थांबतंय असं मला वाटायचं. थांबत होतं की मलाच तसं वाटत होतं? कोण जाणे. मी पारावर जायचं बंद केलं.

शुक्रवारी सकाळी कौल. कळ्या मी पहाटेच खुडून, धुऊन, पुसून फडक्यावर ठेवल्या होत्या. शालनला मेजरनी आणि तिच्या सुनेनं धरून आणलं. सात पायऱ्या आहेत आमच्या देवळाला. ती त्या चढली, एकेक पायरीला थांबून, पाय कुठं पडतोय ते बघून बघून टाकत. मंडपात पंधरा-वीस माणसं होती. शालन भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडं बघून हसली. मी ताट उचललं, गाभाऱ्याकडं वळलो — आणि खांबाशी संपत बसलेला दिसला.

तो नुसता बसला होता. हातात पिशवी, पाठ खांबाला. माझ्याकडं बघत होता की देवाकडं, ते मला सांगता येत नाही. पण मी तिथंच थबकलो. मनात आलं, उजवा पडला आणि ही तिथं मेली तर? मणक्याचं ऑपरेशन, आधीच कॅन्सर पसरलेला. डॉक्टरनं पाय राहतील म्हटलंय, जीव राहील असं कुठं म्हटलंय? हा पुन्हा उभा राहील आणि म्हणेल, आधी बाप मारला, आता मानलेली बहीण मारली. आणि डावा पडला तर? मग ती घरी पडून लुळी होईल आणि मेजर म्हणतील, एवढं सांगितलं होतं, तरी डावा दिलास. म्हणजे काही पडलं तरी नाव माझंच. कुणाचं काय होईल ह्याचा हा विचार नव्हताच. माझं काय होईल, एवढाच.

मी ताट खाली ठेवलं. म्हणालो, "कळ्या जरा कोमेजल्यात, ताज्या आनतो." कोमेजल्या नव्हत्या. देवळामागं तगरीचं झाड आहे. मी मागल्या दारानं गेलो, दोन टपोऱ्या कळ्या खुडल्या. देठाला चीक आला. धुतला नाही. उलट अंगठ्यानं दाबून आणखी काढला — हो, हेही केलं मी — आणि आत येऊन एक उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या खांद्यावर घट्ट दाबून बसवली. लोकांना दिसावं म्हणून वरून पाणी शिंपडलं. मग हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा भैरोबा, तुझी लेक दारात आलीया, उजवं-डावं करून सांग." आवाज माझा चांगला आहे. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

उदबत्ती विझली. कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

मंडपात चुळबुळ सुरू झाली. मी वळलो आणि म्हणालो, "देव गप हाय. रविवारी परत लावू." आणि खरं सांगू? ते म्हणताना मला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. दोन दिवस माझ्यावर कुणी बोट दाखवणार नव्हतं. मेजर माझ्याकडं बघत होते. रविवार उजाडू देऊ नका, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं ना? मी विसरलो नव्हतो. मला शब्दन् शब्द पाठ होता.

शालन म्हणाली, "आसंल त्येच्या मनात काय तरी." आणि भिंत धरून उठली.

संपतचं नंतर कळलं. त्याच्या मुलीचा दहावीचा क्लास सुरू होणार होता, म्हणून तो नारळ वाढवायला आला होता. पिशवीत नारळ होता. कौल संपायची वाट बघत बसला होता बिचारा.

शनिवारी मी तिच्याकडं गेलो नाही. देवळातली भांडी घासत बसलो. घासलेलीच पुन्हा घासली. दुपारी तिची सून सांगून गेली की आत्याबाईंना आज मोरीपर्यंत जाताना दोघांनी धरावं लागलं. मी म्हणालो, "गोळ्या देताय न्हवं?" त्या वेळी उठून मेजरकडं जाता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. कळ्या मी चिकटवल्या, गाडी काढा. बस, एवढंच. माझी अब्रू गेली असती, गुरवकी गेली असती, तिचे पाय राहिले असते. मी पितळी समई घेतली आणि चिंच लावून घासायला लागलो.

रविवारी सकाळी ती उठली ती कंबरेपासून खाली काहीच नव्हतं. लघवीही तुंबली होती. मेजरनी दारात गाडी लावली. ती त्या अवस्थेतही म्हणाली, आधी देवळात. तिला बाजल्यासकट चौघांनी उचलून त्या सात पायऱ्या वर आणलं. आणि मी काय केलं — मला वाटतं, ह्याची लाज मला शुक्रवारपेक्षा जास्त आहे — मी डावीकडं चिकाची कळी लावली आणि उजवीकडं कोरडी, जेमतेम टेकवलेली. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. मंडपातल्या सगळ्यांनी "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं. शालनचा चेहरा उजळला. तिला वाटलं, देव बोलला. म्हणजे मला उजवा देता येत होता. शुक्रवारीही येत होता. मेजरच्या शब्दासाठी जे पाप मी केलं नाही, ते स्वतःच्या कातडीसाठी मी दोनदा केलं.

त्याच दिवशी सांगलीत ऑपरेशन झालं. पाच-सहा तास चाललं. जिवावरचं टळलं. मणका बांधला, पाठीची कळ गेली, नंतर महिनाभर लाईटचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. पाय आले नाहीत.

मी आठव्या दिवशी एसटीनं सांगलीला गेलो, अंगारा घेऊन. खोलीत मेजर होते, वैशाली होती. तेवढ्यात डॉक्टर आला. तरुण होता, डोळे झोपेला आलेले. त्यानं तिच्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून बघितली, चादर नीट केली आणि मेजरना म्हणाला, "शुक्रवारी आला असता तर..." आणि पुढचं गिळलं. मी खिडकीशी होतो. शालनच बोलली, पडल्या पडल्या, अगदी शांतपणे: "शुक्रवारी देव गप व्हता, डॉक्टर." डॉक्टरनं मान हलवली आणि गेला.

मग ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "मी काय म्हंते दादा, शुक्रवारी आले आसते तर मेलेच आसते टेबलावर. म्हनून त्येनं थांबवलं मला. पाय घेतलं, पन जीव ठेवला. व्हय न्हवं?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. देवाच्या मनातलं मला विचारत होती ती. चौतीस वर्षं हातावर राखी बांधणारी बाई.

मी म्हणालो, "व्हय."

मेजर मला खाली स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटी लागलेली होती. म्हणाले, "बाळू, त्या गुरुवारी मी तुझ्याकडं जे बोललो, ते चुकलं माझं. देवाच्या कामात म्या तोंड घालाया नको व्हतं. तू न्हाई म्हनलास ते बरं केलंस." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी एसटीत चढलो. गाडी सुटेपर्यंत ते खाली उभे होते, मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

तुम्ही म्हणाल, शुक्रवारी नेलं असतं तरी पाय गेले नसते कशावरून? मीही हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळालं तरी ते माझ्या कामाचं नाही. कारण मी अंगठ्यानं चीक काढला तेव्हा मला ते कुठं माहीत होतं? मला एवढंच माहीत होतं की ती चालतेय, आणि पाय जायला आलेत. आणि तिचा हट्ट होता म्हणावं, तर हट्ट कौलाचा होता. कौल तिला मिळालाच नाही. मिळाला तो माझा अंगठा.

ह्याला आता दीड वर्ष झालं. शालन आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतो तेवढ्यावर आजार दबून आहे. तिचं बाजलं खिडकीशी लावलंय, तिथून देवळाची पायरी दिसते. अंगणात सडा आता मी घालतो. मला तिच्यासारखा जमत नाही, कुठं तळं साचतं, कुठं कोरडं राहतं. ती खिडकीतून बघते आणि हसते. "दादा, बादली उभी धर," म्हणते. आणि रोज विचारते, देव उठला का. मी म्हणतो, उठला.

गेल्या चैत्रात ती म्हणाली, नुसतं बसून हात गंजलं, देवाच्या कळ्या माझ्याकडं दे, मी नीट करत जाईन. मी नको म्हणायला कारण शोधत होतो, पण काय सांगणार? तेव्हापासून सून पहाटे कळ्या खुडून तिच्या मांडीवर परात ठेवते. ती धुते, पुसते, वाटीत घालते. सात वाजता मी वाटी न्यायला जातो.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी दारात उभा होतो. ती बोटं एकमेकांना चिकटवून बघत होती, सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "ह्येला लय चीक हाय की रं दादा. धुतल्याबगार लावली तर कळी पडायचीच न्हाई."

मग तिनं वर बघितलं. फार वेळ नाही. परातीतून एक कळी उचलायला लागतो तेवढाच वेळ. माझ्या तोंडावर काय होतं, मला माहीत नाही. तिनं मान खाली घातली, कळीचा देठ पदरानं पुसला, कळी वाटीत ठेवली, दुसरी घेतली.

"तुला म्हाईत आसंलच म्हना," ती म्हणाली.

मी म्हणालो, "व्हय."

तिनं वाटी भरून माझ्या हातात दिली.  राखी पुनवेला तिनं बाजल्यावर बसूनच मला राखी बांधली, दरसालासारखी. कौल लोक अजून लावतात, मी लावतो. तिच्या खिडकीपासून माझ्या ओट्यापर्यंत चाळीस पावलं आहेत, मी मोजलीत.

आज सकाळीही वाटी आणली. सात कळ्या होत्या. गाभाऱ्यात उभा राहून मी एकेक कळी बोटात धरून, देठ दाबून पाहिला. एकीलाही चीक नव्हता.